आपला हॉकी संघ असा का हरतोय? सभासद, पालक आणि जुन्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम संपला. जिंकलेले सामने बोटांवर मोजावेत इतके, आणि हरलेल्यांची चर्चा मात्र नागपुरात सदरच्या टपरीपासून कामठीपर्यंत. जो भेटतो तो विचारतो, "काय करून राहिले बाप्पा तुम्ही लोकं?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी क्लबचा सहसचिव. त्याआधी बरीच वर्षं याच क्लबकडून हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो. इथली मतं माझी आहेत, कार्यकारिणीचा ठराव नव्हे. वाचून दोन-चार पदाधिकारी माझ्याशी बोलणं बंद करतील, त्याला इलाज नाही. खेळाडूंची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. पोरांना शिव्या खायला लावण्यासाठी हे लिहिलेलं नाही.

संघात दमच उरला नाही, हे सरळ मान्य का करत नाही?

कारण सामने पाहिलेत. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये आपण कुणाला भारी पडू देत नाही. आपले हाफ बॉल काढतात, लेफ्ट आऊट लाइनवरून सुटतो, डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत, बॉल जातो. हरतो ते दोन ठिकाणी. एक, पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांनी डीत चूक केली की मिळणारी गोलची संधी) मिळतो पण गोल होत नाही. दोन, शेवटच्या क्वार्टरमध्ये पाय उचलत नाहीत आणि तेव्हाच गोल खातो. या दोन्ही गोष्टी सामन्याच्या आधी ठरतात: यादीत कोण, बेंचवर कोण, सरावाला कोण आणि ते ठरवणार कोण. आपल्याकडे या चारही प्रश्नांना दर आठवड्याला वेगळं उत्तर असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीची उत्तरं त्याचाच तपशील.

यादीत तर भरपूर नावं आहेत. मैदानात बाराच पोरं का दिसतात?

यादी ही आपल्याकडे मानाची गोष्ट झाली आहे. ज्याने कधीकाळी क्लबची जर्सी घातली त्याचं नाव त्यात असतंच. कुणाचं कापलं तर त्याचा काका दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या घरी. म्हणून कापत कुणीच नाही, आणि सामन्याच्या सकाळी मॅनेजर पार्किंगमध्ये उभा राहून फोन लावत बसतो.

या नावांची खरी विभागणी अशी. काही मुलं पोलिसात आहेत. गणपती विसर्जन, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, रामनवमीची शोभायात्रा, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, म्हणजे हॉकीचा ऐन हंगाम आणि यांचा बंदोबस्त एकाच वेळी. अधिवेशन नागपुरात असताना पोलिसातल्या मुलाला सामन्यासाठी सुट्टी मागायची म्हणजे त्यालाच अडचणीत आणायचं. काही रेल्वेत आहेत, त्यांची ड्युटी पाळीची, आणि विभागाचा संघ लागला की ते तिकडे खेळणार, खेळायलाच हवं, पगार तिथून येतो. कॉलेजातली पोरं सेमिस्टर परीक्षेला गायब. एक-दोघं पुण्यात शिकायला गेलीत, तरी त्यांचं नाव अजून यादीत आहे.

उरले किती, ते तुम्ही बाउंड्रीवरून मोजताच.

हॉकीत आता बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, आणि मोठे संघ आपले फॉरवर्ड पाच-सात मिनिटांत फिरवत राहतात, म्हणून त्यांचा वेग शेवटपर्यंत टिकतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यासाठी अठरा जणांचा संघ नेतात. आपण अकरा आणि एक घेऊन उतरतो. तो एक बहुधा दुखापतीतून उठलेला असतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये दम कुठून आणायचा?

मग नोकरीवाली मुलं घेऊच नका ना.

तीच तर सर्वांत चांगली मुलं आहेत. आणि नोकरीसाठीच त्यांनी स्टिक हातात घेतली होती, यात लाजण्यासारखं काही नाही. राज्यात खेळाडूंना सरळसेवा भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. गिट्टीखदानच्या किंवा मोहन नगरच्या घरातल्या पोराला हॉकीने काय दिलं, तर ती वर्दी दिली. वर्दी मिळाल्यावर 'आता क्लबकडे बघत नाही' म्हणून त्यालाच टोमणे मारायचे, हे मला पटत नाही. उपाय वेगळा आहे: या मुलांची उपलब्धता हंगामाच्या सुरुवातीलाच कागदावर घ्या. जो डिसेंबरात येऊ शकत नाही त्याला डिसेंबरच्या यादीत धरू नका, ऑक्टोबरात खेळवा.

सोळा-सतरा वर्षांची चांगली पोरं पुण्याकडे का जातात?

तिथे त्यांना राहणं, जेवण, टर्फ (कृत्रिम मैदान) आणि कोच एकाच आवारात मिळतो. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली की पालकही हो म्हणतात. धनराज पिल्लेसारखा खेळाडू खडकीत घडला. त्या भागात हॉकीचा माहोल जुना आहे. त्यांना अडवू नये. एका पोराची एनओसी, म्हणजे दुसरीकडे खेळायचं ना-हरकत पत्र, आपल्या क्लबने महिनोनमहिने लटकवली होती, 'पोरगं आम्ही घडवलं' म्हणून. त्या पोराचा धाकटा भाऊ आता दुसऱ्या क्लबकडून खेळतो, आणि बरा खेळतो.

सामन्याचा संघ नेमका निवडतं कोण?

क्लबच्या घटनेप्रमाणे निवड समिती. प्रत्यक्षात आदल्या रात्रीचा फोन.

कोच संध्याकाळी अकरा नावं लिहून ग्रुपवर टाकतो. साडेनऊला एका पदाधिकाऱ्यांचा फोन: "अमक्याच्या पोराला बसवलं काहून? त्याच्या बापानं मागच्या साली टेंटचे पैसे दिले होते ना भाऊ." दहाला दुसऱ्यांचा: "लेफ्ट हाफला आपला जुना गडीच पाहिजे, नवा नको." कोच आधी चिडतो, मग कंटाळतो, आणि अकरा वाजता यादी बदलते. सकाळी पोरं येतात तेव्हा ज्याला खेळायचं सांगितलं होतं तो बेंचवर, आणि ज्याने रात्री जाग्रण केलं तो मैदानात. पुढच्या वेळी त्या बसवलेल्या पोराने सरावाला का यावं?

माझ्या मते एवढ्या एका गोष्टीने आपलं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याही प्रतिस्पर्ध्याने केलेलं नाही.

उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या मिनिटाला पीसी (पेनल्टी कॉर्नर) मिळाला तेव्हा आपला फ्लिकर बाहेर काय करत होता?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगतो.

आपण एका गोलने मागे. चौथा क्वार्टर संपत आलेला. फ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढत नेऊन फेकणारा (ड्रॅग फ्लिक मारणारा) मुलगा, दमला नव्हता, कोचने त्याला बोलावलंही नव्हतं. बेंचमागे खुर्ची टाकून बसलेल्या एका ज्येष्ठांनी आवाज दिला, "त्याला काढा, ताजा पोरगा टाका." मॅनेजरने कोचकडे न पाहता हात वर केला. फ्लिकर मध्यरेषेवरून बाहेर आला, हातमोजा दातात धरून ओढला, बाटली तोंडाला लावली, आणि तेवढ्यात शिट्टी. अंपायरचे दोन्ही हात गोलच्या दिशेने आडवे. पेनल्टी कॉर्नर.

बाटली तिथेच टाकून पोरगा परत धावला. टेबलवरच्या अधिकाऱ्यांनी त्याला रेषेवर अडवलं, आणि ते बरोबरच होतं. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही; अपवाद फक्त बचाव करणाऱ्या संघाचा गोलकीपर जखमी झाला किंवा निलंबित झाला तर. वेळ संपली तरी कॉर्नर पूर्ण खेळवतात, त्यामुळे संधी होती. पुशरने बॉल नीट दिला, स्टॉपरने अडवला, सेंटर हाफने जीव खाऊन हिट मारली. बॉल जाळ्यात गेला. आपण नाचलो. पण कॉर्नरवरचा पहिला फटका हिट असेल तर बॉल गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलमधल्या पाटीच्या उंचीपेक्षा, वर चालत नाही. बॉल पाटीच्या चांगलाच वर होता. गोल नाही. सामना संपला.

ड्रॅग फ्लिकला ही उंचीची मर्यादा नाही. तो मारणारा मुलगा रेषेबाहेर गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. त्यानंतर काही जणांनी अंपायरला घेरलं. ती आपल्या क्लबची सर्वांत वाईट पाच मिनिटं होती, गोल नाकारण्यापेक्षा वाईट.

एकच फ्लिकर? दुसरा तयार का करत नाही?

ड्रॅग फ्लिक ही महिनाभराच्या शिबिरात येणारी चीज नाही. डाव्या पायाचं पाऊल बॉलच्या किती पुढे पडतं, स्टिकच्या दांड्यावर बॉल किती वेळ चिकटून राहतो, कंबर कधी सुटते, हे अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि त्यासाठी सपाट टर्फ लागतो. आपली पोरं मुरमाच्या मैदानावर शिकतात. तिथे बॉल ओढताना मध्येच खडा लागतो आणि उसळतो, म्हणून ती हिटवरच भरवसा ठेवतात. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली, आणि नागपूरच्या मुरमावर त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

टर्फवर वेळ मिळते ती तासाच्या हिशोबाने आणि तीही अवेळी. मिळालेल्या त्या तासात सगळा संघ सहा विरुद्ध सहा खेळत बसतो, कारण पोरांना तेच आवडतं. मी कितीदा म्हटलं, टर्फचा अर्धा वेळ फक्त कॉर्नरला द्या: एक पुशर, एक स्टॉपर, दोन फ्लिकर. बॉल थांबवणारा रोज बदलतो म्हणूनही फ्लिक चुकते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. स्टॉपरचं कौतुक कोणत्याच वर्तमानपत्रात छापून येत नाही.

गोलकीपरची काय अडचण आहे?

किट. हेल्मेट, लेग गार्ड, किकर, चेस्ट गार्ड, हातमोजे, सगळं धड घ्यायचं तर हजारोंच्या घरात जातं, आणि घरचे विचारतात, एवढ्यात पोराला सेकंडहँड गाडी येईल. म्हणून क्लबच्या एका जुन्या किटवर सगळे कीपर. लेग गार्डचा फोम बसलेला, पट्टा सुतळीने बांधलेला. १५६ ते १६३ ग्रॅमचा टणक बॉल त्यावर जोरात आदळला की हाडाला कळतं. दुसऱ्या कीपरने एकदा विचारलं, "भाऊ, मला किट कधी?" कुणी उत्तर दिलं नाही, तो फुटबॉलकडे गेला.

२०१९ पासूनच्या नियमात एकतर पूर्ण किटमधला गोलकीपर, नाहीतर सगळे अकरा मैदानी खेळाडू. गोलकीपरचे हक्क घेऊन पण किट न घालता खेळणारा 'किकिंग बॅक' बाद झाला. तेव्हा कीपर आला नाही तर कुणालाही टीशर्ट बदलून उभं करू, ही आपली जुनी युक्ती आता उपयोगाची नाही. खर्चाच्या यादीत माझ्या हिशोबाने पहिलं नाव कीपरच्या दोन किटचं असावं, जर्सीच्या आधी. दरवर्षी नव्या जर्सी मात्र न चुकता येतात, कारण त्यावर देणगीदाराचं नाव छापता येतं.

कोच बदला, सगळं सुधारेल.

गेल्या काही हंगामांत तेच केलं, सुधारलं का?

भारतीय संघाचंच बघा. २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोला पात्रता स्पर्धेत ग्रेट ब्रिटनकडून हरून भारत बीजिंग ऑलिम्पिकला मुकला. १९२८ नंतर पहिल्यांदाच. नंतरच्या दहा-अकरा वर्षांत होजे ब्रासा, मायकेल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन ॲस, रोलंट ओल्टमन्स, शुअर्ड मारिन्ये, हरेंद्र सिंग अशी रांग लागली. वॉल्श तर २०१४ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकून देऊन दीड-दोन महिन्यांतच गेले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपण शेवटचे, बारावे. २०१९ मध्ये ग्रॅहॅम रीड आले आणि टोकियोपर्यंत टिकू दिले गेले. तिथे जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आलं. कोच चांगला होताच, पण दरम्यान २०१८ पासून ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व होतं, शिबिरं सलग होती, खेळाडूंचा गट फारसा हलला नव्हता.

आपल्या कोचला मानधन उशिरा मिळतं, यादी रात्री बदलते, आणि हरलं की पहिलं नाव त्याचं. ज्यांना संघ निवडता येत नाही त्यांच्याकडून निकालाचा जाब कसा घ्यायचा?

पैसे देऊन बाहेरचे तीन-चार खेळाडू आणले तर?

आणले होते. स्पर्धेपुरते आले, हॉटेलात राहिले, टीए-डीए घेतला आणि गेले. एक फेरी पुढे गेलो. पण ज्या पोरांनी पहाटे साडेपाचला थंडीत सराव केला ती बेंचवर बसली, आणि पुढच्या महिन्यात सरावाची संख्या निम्म्यावर आली. बाहेरचा आणायचाच असेल तर एक आणा, कीपर किंवा फ्लिकर, आणि पूर्ण हंगामासाठी आणा, म्हणजे तो आपल्या पोरांना काही शिकवून जाईल. खेळाडूची नोंदणी कुठल्या घटकाकडे आहे, एनओसी आहे का, हे आधी बघा. नाहीतर जिंकलेला सामना तक्रारीत जातो.

कार्यकारिणीत दोन गट आहेत, हे खरं का?

खरं आहे. अख्ख्या सदरला माहीत आहे, मी लपवून काय करू.

मागच्या निवडणुकीनंतर दोन्ही गटांच्या एकेकाने आपणच सचिव असल्याचा दावा केला. आपला क्लब नोंदणीकृत संस्था आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदलाचा अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. दोन्ही गटांनी आपापला रिपोर्ट दाखल केला आणि एकमेकांच्या रिपोर्टवर हरकती घेतल्या. आता सुनावणी चालू आहे. एका गटाकडे सभेची नोटीस आहे पण ती वेळेत पाठवल्याचा पुरावा नाही. दुसऱ्याकडे इतिवृत्ताचं रजिस्टर आहे पण त्यात गणपूर्तीच्या सह्या अपुऱ्या. एवढ्याशा कागदासाठी सगळं अडून बसलंय.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंना हॉकी आवडते. एकमेकांचं तोंड मात्र आवडत नाही.

याचा संघाशी काय संबंध?

थेट आहे. सह्यांवर वाद आहे म्हणताच बँकेने खात्यातून पैसे काढणं थांबवलं. जुने दोघं सही करायला तयार, नव्यांना ते मंजूर नाही. प्रवेश फी, टर्फचं भाडं, बाहेरगावचं तिकीट, सगळं कुणाच्या तरी खिशातून जातं. आणि ज्याच्या खिशातून जातं तो रात्री साडेनऊला फोन करतो. आता कळलं असेल संघ कोण निवडतं ते.

हिशेबाचंही तेच. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण वेळेत व्हायला हवं, पण खिशातून केलेल्या खर्चाच्या पावत्या कुणी देत नाही. 'मी क्लबसाठी इतके दिले' हे सगळे सांगतात, कागद कुणाकडेच नसतो.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, का घेत नाही? बुटीबोरीला एवढे कारखाने आहेत.

कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिम्पिक आणि राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, म्हणजे वाट खुली आहे. पण 'प्रशिक्षण' म्हटलंय. एकदाच्या स्पर्धेचा मंडप आणि पाहुण्यांच्या शाली त्यात बसत नाहीत. शिवाय संस्थेला आयकर विभागाची नोंदणी (१२ए, ८०जी) आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही नोंदणी लागते, ताळेबंद लागतो, आणि सही करणारा सचिव एकच लागतो. एका कारखान्याच्या अधिकाऱ्याने मुलांच्या वर्षभराच्या सरावाचा प्रस्ताव मागितला होता. दोन गटांनी दोन प्रस्ताव पाठवले. त्यांनी दोघांनाही नम्रपणे नाही कळवलं.

क्रिकेटनेच हॉकी खाल्ली ना?

हे रडगाणं मला नको. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा, मग २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्यांच्याकडे पैसा आहे, कबूल, तो आपल्याकडे कधीच येणार नाही. पण चंद्रकांत पंडितांना कोच म्हणून आणल्यावर त्यांना काम करू दिलं, आणि वसीम जाफरसारखा बाहेरचा खेळाडू आणला तो स्थानिक पोरांमध्ये मिसळणारा. या दोन गोष्टींना फार पैसे लागत नाहीत.

उन्हाळ्यात सराव बंद का ठेवता?

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून. पहाटे साडेपाच ते सात एवढीच खिडकी आहे आणि ती चालू असते. बंद असल्याची अफवा न येणाऱ्यांनी पसरवली आहे.

माझा मुलगा रोज येतो, तरी खेळवत नाहीत. क्रीडा गुण तरी मिळतील का?

पहिल्या भागाचं उत्तर वर आलंच आहे, आणि तुमची तक्रार रास्त आहे. क्रीडा गुणांबद्दल मात्र गैरसमज नको. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे नोकरीतलं आरक्षण यांसाठी शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धांमधला ठरावीक पातळीवरचा सहभाग लागतो. क्लबच्या निमंत्रित स्पर्धेचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, तिथे चालत नाही. मुलाची शाळा नेहरू हॉकी या शालेय स्पर्धेला संघ पाठवते का, हे आधी शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना विचारा. पाठवत नसेल तर चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा. क्लबपेक्षा ती वाट पोरासाठी जास्त कामाची आहे, हे मी क्लबचा माणूस असून सांगतोय.

मुलींचा संघ का नाही?

मुली आहेत, सरावाला येतात, कित्येक मुलांपेक्षा नियमित. कपडे बदलायला खोली नाही आणि मुलींसोबत प्रवासाला जाणारी महिला मॅनेजर नाही. ठराव दोनदा झाला, खोलीवरचं कुलूप मात्र निघालं नाही. आत स्पर्धेच्या कमानी ठेवल्यात.

आम्ही जुने खेळाडू आहोत. मदत करायची तर कशी?

सामन्याच्या दिवशी बेंचपासून लांब बसा. थट्टा नाही, खरी विनंती आहे. सूचना द्यायच्या असतील तर मंगळवारी सरावाला या. तुमच्यापैकी जे बचावात, डीपला, खेळायचे त्यांनी पोरांना पीसीच्या बचावात पहिला रशर (फ्लिकरवर धावून जाणारा) कसा धावतो ते दाखवावं. गोलरेषेवरून सुटण्याची वेळ आणि फ्लिकरच्या रेषेत न येता स्टिक कुठे टाकायची, हे सांगणारं आज कुणी नाही. पैसे द्यायचे असतील तर पावती घ्या, आणि त्या बदल्यात कुणाचं नाव संघात घालायला सांगू नका.

पुढच्या हंगामासाठी तुमचा प्रस्ताव काय?

सर्वसाधारण सभेत मी हे मांडणार आहे. यादी अठराचीच, प्रत्येकाच्या सहीने, कोणत्या महिन्यात तो उपलब्ध नाही हे लिहून. निवड कोच आणि दोन माजी खेळाडू करतील, ज्यांचा मुलगा-पुतण्या संघात नाही. मतभेद झाला तर कोचचा शब्द शेवटचा. सामन्याचा संघ आदल्या दिवशी सहा वाजता लागेल आणि दुखापतीशिवाय बदलणार नाही. बेंचवर कोच, मॅनेजर आणि खेळाडू, चौथी खुर्ची नाही. बदलीचा इशारा फक्त कोच देईल, आणि आपण विरोधी डीत असताना फ्लिकर बाहेर काढायचा नाही. दोन कीपर, दोन किट.

चेंज रिपोर्टचा वाद यातून मिटणार नाही, तो त्याच्या गतीने चालेल. तोवर दोन्ही गटांनी मिळून सह्यांसाठी तिसरा माणूस मान्य करावा आणि तसं बँकेला संयुक्त पत्र द्यावं, असं मी दोघांनाही सांगितलं आहे. एका बाजूने हो म्हटलंय. दुसरी बाजू विचार करून राहिली.

लगेच पुढच्या वर्षी कप येईल असं मी म्हणत नाही. अठरातले पंधरा जण सलग तीन महिने एकत्र सरावाला आले तरी मला पुरे आहे.

सभेला कोण येऊ शकतं आणि मत कुणाला आहे?

येऊ सगळे शकतात, पालकसुद्धा. बोलायलाही हरकत नसावी, निदान माझी नाही. मत मात्र ज्यांची वर्गणी चालू वर्षापर्यंत भरलेली आहे अशा सभासदांनाच, आणि या वेळी दोन्ही गट एकेक नाव तपासणार आहेत. तेव्हा पावती सोबत आणा. पावती हरवली असेल तर सभेच्या आधीच कार्यालयात येऊन दुय्यम प्रत घ्या, सकाळच्या सरावानंतर मी तिथेच असतो.